रामायण चिनी भाषेत नेणारे जी श्यानलिन: एका अनुवादकाचे आयुष्य

वाल्मीकी रामायणाचे सातही कांड चिनी भाषेत पद्यात उपलब्ध आहेत आणि ते एका माणसाने, एकट्याने, थेट संस्कृतवरून, दहा वर्षे खपून उतरवले आहेत. आपल्याकडे संस्कृतच्या अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. जी श्यानलिन (१९११–२००९) हे त्यांचे नाव. भारत सरकारने २००८ साली त्यांना पद्मभूषण दिले, तेव्हा ते आपल्या वृत्तपत्रांतून चार ओळींपुरते येऊन गेले. चीनमध्ये त्यांची ओळख भारतविद्येचे पंडित, तोखारी या मध्य आशियातील लुप्त भाषेचे जाणकार आणि ललित निबंधकार अशी करून दिली जाते, आणि ती चुकीची नाही. तरीही त्यांच्याविषयी जे जे वाचायला मिळाले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की त्यांच्या आयुष्याचा कणा अनुवाद हाच होता आणि बाकीची विद्वत्ता त्या कामाला पुरवठा करत राहिली. या धाग्यात मी त्याच बाजूने त्यांचे चरित्र मांडतो आहे.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजी शांडोंग प्रांतातील आजच्या लिनछिंगजवळच्या एका खेड्यात, अत्यंत गरीब शेतकरी घरात झाला. सहाव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी जिनान शहरात काकांकडे पाठवण्यात आले, आणि तेव्हापासून आईचा सहवास जवळजवळ संपलाच. १९३० साली ते पेइचिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात पाश्चात्त्य साहित्य शिकू लागले, आणि ते तिथे शिकत असतानाच, १९३३ साली, आई वारली. त्याआधी कित्येक वर्षे त्यांची भेट झाली नव्हती. पुढे म्हातारपणापर्यंत त्यांनी लिहिलेल्या निबंधांत ही खंत पुन्हा पुन्हा येते. छिंगह्वामध्ये त्यांचा मुख्य विषय जर्मन होता, पण छेन यिनख या थोर इतिहासकाराची बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांवरची व्याख्याने त्यांनी ऐकली, आणि संस्कृतची ओढ तिथे लागली. त्या काळी चीनमध्ये संस्कृत नीट शिकण्याची सोय जवळजवळ नव्हती.

ती संधी जर्मनीत मिळाली. १९३५ साली विनिमय विद्यार्थी म्हणून ते ग्योटिंगेनला गेले आणि पुढच्या वर्षी एर्न्स्ट वाल्डश्मिट यांच्या संस्कृतच्या वर्गात बसले. त्या वर्गात सुरुवातीला ते एकटेच विद्यार्थी होते. दोन वर्षांसाठी गेलेला हा तरुण महायुद्धामुळे दहा वर्षे अडकून पडला. पत्नी आणि दोन लहान मुले मागे जिनानमध्ये होती. भूक, बाँबहल्ले आणि घरचा तुटलेला संपर्क यांत ही वर्षे गेली. वाल्डश्मिट यांना सैन्यात बोलावले गेले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले, निवृत्त झालेले एमिल झीग पुन्हा शिकवायला उभे राहिले. झीग हे तोखारी भाषेचा उलगडा करणाऱ्या दोघांपैकी एक. आपल्याला जे जे येते ते सगळे या चिनी विद्यार्थ्याला द्यायचेच, असा त्यांनी जणू पण केला होता: ऋग्वेद, पतंजलीचे महाभाष्य, दण्डीचे दशकुमारचरित आणि शेवटी तोखारी. हिवाळ्यात बर्फ पडलेले असताना, युद्धामुळे अंधारात बुडालेल्या रस्त्यांवरून हा शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना हाताला धरून घरी पोहोचवत असे. गुरुशिष्यांच्या नात्याची इतकी निर्मळ हकिकत मी फार थोड्या चरित्रांत वाचली आहे.

१९४१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता 'महावस्तु' या बौद्ध संस्कृत ग्रंथातील गाथांमधली क्रियापदांची रूपे. विषय कोरडा वाटेल, पण पुढे ज्याला वीस हजारांच्या आसपास श्लोक ओळीने उलगडायचे होते, त्याच्यासाठी प्रत्येक क्रियापदाशी थांबून त्याचे रूप तपासण्याची ही सवय म्हणजे मोठी पुंजी होती. अनुवादक म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, तो मुख्यतः या शिक्षणामुळे.

१९४६ साली ते मायदेशी परतले. छेन यिनख यांच्या शिफारशीवरून पेइचिंग विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक नेमले आणि नव्याने उघडलेला पौर्वात्य भाषांचा विभाग त्यांच्या हाती दिला. ग्योटिंगेनमध्ये बौद्ध ग्रंथांच्या भाषेवर जे संशोधन चालले होते, त्याला लागणारी पुस्तके आणि नियतकालिके मात्र इथे नव्हती. ते काम अडले आणि ते साहित्याकडे वळले. आना झेगर्स यांच्या कथा त्यांनी जर्मनवरून आणल्या. १९५६ साली कालिदासाचे 'शाकुंतल', १९५९ साली 'पंचतंत्र' आणि १९६२ साली 'विक्रमोर्वशीय' ही त्यांची संस्कृतवरून थेट केलेली भाषांतरे प्रसिद्ध झाली. यापूर्वी चिनी वाचकाला शाकुंतल मिळत असे ते इंग्रजी किंवा फ्रेंचमधून फिरून आलेले. त्यांचे शाकुंतल १९५७ साली पेइचिंगच्या रंगभूमीवर आले. अनुवादित नाटक नटांच्या तोंडी बसते की नाही, ही कसोटी छापील पुस्तकापेक्षा कठोर असते, म्हणून मला या प्रयोगाचे महत्त्व वाटते.

त्यानंतर माओंनी छेडलेली सांस्कृतिक क्रांती (१९६६–१९७६) आली. विद्यापीठात सत्तेवर असलेल्या गटाला त्यांनी उघड विरोध केला, आणि १९६७ च्या अखेरीस एका रात्री त्यांच्या घरावर धाड पडली. पुस्तके आणि हस्तलिखिते यांची नासधूस झाली. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ओळखून त्यांनी झोपेच्या गोळ्या जमवल्या आणि जीव देण्याचे ठरवले. घरातून निघण्याच्या बेतात असतानाच रेड गार्ड, म्हणजे त्या क्रांतीचे तरुण कार्यकर्ते, दारात आले आणि त्यांना सार्वजनिक धिक्कारसभेत ओढून घेऊन गेले. तिथे त्यांना बेदम मारहाण झाली. एवढे सोसता येत असेल तर जगताही येईल, असे त्या सभेनंतर त्यांच्या मनाने घेतले. १९६८ साली त्यांना इतर प्राध्यापकांबरोबर 'गोठ्यात' टाकले गेले. ज्यांना 'बैलभुते आणि सर्पपिशाच्चे' ठरवले गेले होते, त्यांना कोंडण्याच्या जागेला लोक हेच नाव देत. हा गोठा विद्यापीठाच्याच आवारात, विद्यापीठाच्याच लोकांनी उभारलेला होता. दिवसभर अंगमेहनत, पाठांतर, मान खाली घालून चालणे आणि रात्री मार, असे महिने गेले.

तिथून सुटका झाल्यावरही शिकवण्याची परवानगी नव्हती. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांना विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर आणि विभागाच्या कार्यालयात द्वारपालाचे काम देण्यात आले. फोन घेणे, टपाल वाटणे, आल्यागेल्याला निरोप देणे हे पौर्वात्य भाषा विभागाच्या संस्थापकाचे काम झाले. या रिकाम्या वेळाचे काय करावे, असा प्रश्न त्यांना पडला. लेख लिहिणे धोक्याचे होते आणि छापणार कोणीच नव्हते. तेव्हा लवकर न संपणारे आणि छापले जाण्याची आशा न ठेवता करता येईल असे काहीतरी अनुवादाला घ्यावे, असे त्यांनी ठरवले, आणि रामायण निवडले. विभागाच्या ग्रंथालयामार्फत त्यांनी भारतातून मूळ संहिता मागवायला सांगितली. ती येणार नाही अशी त्यांची खात्री होती, पण बडोद्याच्या प्राच्य विद्या मंदिराने काढलेली चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ, खरोखरच येऊन पोहोचली.

१९७३ साली काम सुरू झाले. संस्कृत ग्रंथ दारावरच्या खोलीत उघडपणे घेऊन बसणे शक्य नव्हते. म्हणून ते रात्री घरी मूळ श्लोक वाचून त्यांचा अर्थ चिनी गद्यात लिहून काढत, सकाळी कामावर पायी जाताना तो मजकूर मनात घोळवून पद्यात बसवत आणि दारावर बसल्या बसल्या, येणारे-जाणारे कमी असले की, कागदाच्या कपट्यांवर टिपून ठेवत. १९७६ नंतर दिवस पालटले. १९७८ साली ते विद्यापीठाचे उपाध्यक्ष झाले. आता अडथळा बैठकांचा आणि समित्यांचा होता, पण पहाटे चारला उठून काम करण्याची त्यांची शिस्त मोडली नाही. अनुवाद १९८३ साली पूर्ण झाला. पेइचिंगच्या लोकसाहित्य प्रकाशनगृहाने तो १९८० ते १९८४ या काळात सात कांडांच्या आठ खंडांत छापला.

गद्य की पद्य, हा निर्णय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गद्यात काम निम्म्या वेळात झाले असते आणि अर्थाच्या बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा राहिली नसती. त्यांची भूमिका अशी की मूळ काव्य असेल तर अनुवादही काव्यच हवा. अभिजात चिनी कवितेचे कडक नियम इतक्या लांब कथेला झेपणारे नव्हते आणि मुक्तछंदात पठणाचा ठेका राहत नव्हता. म्हणून त्यांनी साधारण सारख्या लांबीच्या, यमक साधणाऱ्या, लोकगीताच्या अंगाने जाणाऱ्या चार ओळींचे कडवे स्वीकारले. अनुष्टुभ हा वाल्मीकींनी कथा सांगण्यासाठी वापरलेला, चालता, बोलका छंद आहे. आपल्याकडे नाथांनी भावार्थ रामायणासाठी ओवी घेतली, मोरोपंतांनी रामकथेसाठी नाना वृत्ते आणि चमत्कृती घेतल्या. कथा पुढे वाहून नेण्याचे काम ओवीने केले, हे ज्याला पटते त्याला जी श्यानलिन यांची निवडही पटावी.

यात सगळेच त्यांना जमले, असे त्यांनी स्वतःही म्हटलेले नाही. अनुवादाच्या शेवटच्या टिपणात त्यांनी मोकळेपणाने नोंदवले आहे की रामायणात पुनरुक्ती फार आहे, आणि वृक्षांच्या, शस्त्रांच्या, पर्वतांच्या लांबच लांब याद्या पद्यात बसवताना कवितेची गोडी राहत नाही. भक्तिभावाने रामायण वाचणाऱ्याला हे बोल खटकतील. मला मात्र, इतकी वर्षे ज्या ग्रंथाला दिली त्याच्याविषयी असे स्पष्ट लिहिणारा अनुवादक अधिक प्रामाणिक वाटतो.

या कामाला इतिहासाची एक बाजूही आहे. चीनला रामकथा पूर्वी अगदीच अपरिचित नव्हती. तिसऱ्या शतकात चिनीत आलेल्या एका जातकसंग्रहात (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांच्या संग्रहात) वनवास, राणीचे हरण, वानरांची मदत आणि सेतू असलेली एक कथा आहे, पण तिथे राम-सीता ही नावे नाहीत. पाचव्या शतकातील दुसऱ्या एका संग्रहात दशरथ राजाची कथा आहे, पण तिच्यात सीतेचे हरण नाही. ह्युएन त्सांगने सातव्या शतकात भाषांतरित केलेल्या 'महाविभाषा' या ग्रंथात रामायणाचा नावाने उल्लेख येतो आणि त्यात रावणाने सीतेला नेणे व रामाने तिला परत आणणे एवढ्या दोनच गोष्टी आहेत, असे म्हटले आहे. बौद्ध ग्रंथांच्या पोटातून असे तुकडे येत राहिले. अखंड वाल्मीकी पोहोचायला विसावे शतक उजाडावे लागले. जी श्यानलिन यांनी हे सगळे धागे १९७९ च्या आपल्या रामायणावरील छोट्या पुस्तकात आणि नंतरच्या लेखांत उलगडले.

जाणकारांनी भर घालावी.

प्रतिसाद: माधवी_वाचन

लेख फार आवडला. एक छोटी पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची भर घालते. बडोद्याच्या ज्या चिकित्सक आवृत्तीचा आपण उल्लेख केला आहे, तिचे अयोध्याकांड आणि युद्धकांड हे दोन मोठे भाग प. ल. वैद्य यांनी संपादित केले होते. वैद्य हे पाली, प्राकृत आणि बौद्ध संस्कृतचे मोठे अभ्यासक, आणि पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकही झाले. म्हणजे चिनी रामायणातील या दोन कांडांचा पाठ एका मराठी विद्वानाने निश्चित केलेला आहे. सगळी आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात निघाली, म्हणजे अनुवाद सुरू झाला तेव्हा ती ताजीच होती.

प्रतिसाद: गोमंतक_वाचक

जी श्यानलिन यांचे नाव निघाले की जिन खमू यांचेही घ्यायला हवे. पेइचिंग विद्यापीठात संस्कृतचा डोलारा या दोघांनी उभा केला. जिन खमू जर्मनीला गेले नाहीत. ते १९४१ साली कलकत्त्यास आले, तिथे एका चिनी वृत्तपत्रात काम केले आणि मग सारनाथला जाऊन धर्मानंद कोसंबी यांच्याकडे संस्कृत आणि पाली शिकले. गोव्यातील साखवाळ गावात जन्मलेले, ज्ञानाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घालणारे धर्मानंद त्या वेळी आयुष्याच्या उतरणीवर होते. त्यांच्या या शिष्याने पुढे १९५६ साली 'मेघदूत' चिनीत नेले, ते शाकुंतलाबरोबरच. भर्तृहरीची शतकेही जिन खमू यांनी चिनीत आणली, आणि त्याच शतकांची चिकित्सक आवृत्ती धर्मानंदांचे सुपुत्र दामोदर कोसंबी यांनी १९४८ साली सिद्ध केली. 'निवेदन' हे धर्मानंदांचे आत्मकथन आपण अभिमानाने वाचतो, पण त्यांची विद्या चीनमध्ये कुठवर पोहोचली, याची दखल आपल्याकडे कमी घेतली गेली आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जिन खमू यांच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा आणि तो तुम्हीच लिहावा, अशी विनंती करतो. जी श्यानलिन यांचे संस्कृत जर्मन भाषाशास्त्राच्या वाटेने आले, तर जिन खमू यांचे भारतीय पंडितांच्या पायाशी बसून. एकाच विभागात हे दोन्ही प्रवाह एकत्र आल्याने १९६० साली सुरू झालेल्या संस्कृत-पालीच्या वर्गाला दुहेरी लाभ झाला.

प्रतिसाद: अनुष्टुभ

लेखातील बाकी सर्व मान्य करूनही पद्याच्या निर्णयाविषयी मला शंका आहे. संस्कृत श्लोकाला यमक नसते. तिथे लय लघुगुरूंच्या मांडणीतून येते. अनुवादकाने यमकाचे बंधन स्वतःहून पत्करले की प्रत्येक कडव्यात कुठे ना कुठे शब्द यमकासाठी निवडला जातो, अर्थासाठी नव्हे. काही हजार कडव्यांनंतर त्याचा एकत्रित परिणाम काय होत असेल? ज्या विद्वानाने क्रियापदांच्या रूपांवर प्रबंध लिहिला, त्याच्याकडून मी नेमक्या गद्याची आणि भरगच्च टिपांची अपेक्षा केली असती.

धागाकर्ता

शंका रास्त आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. यमकासाठी काही ठिकाणी अर्थाला मुरड पडली असणार, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की चिनी कानाला यमकाशिवाय कविता ही कविता वाटणे अवघड जाते, कारण त्यांच्या प्राचीनतम काव्यसंग्रहापासून यमक हा तिथल्या पद्याचा आधार राहिला आहे. बौद्ध गाथांचे प्राचीन चिनी अनुवाद पुष्कळदा यमकाविना, केवळ अक्षरसंख्या सांभाळून केलेले आहेत. जी श्यानलिन यांना त्या परंपरेची पूर्ण माहिती होती, तरीही त्यांनी ती वाट घेतली नाही, यातून त्यांच्या डोळ्यांपुढचा वाचक कोण होता ते कळते. त्यांना रामायण अभ्यासकांच्या कपाटात ठेवायचे नव्हते, तर सामान्य चिनी वाचकाला मोठ्याने वाचता येईल असे करायचे होते. दारावर बसून, छापले जाण्याची आशा नसताना, हा वाचक त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला, म्हणून मी त्यांच्या बाजूने उभा राहतो.

प्रतिसाद: पुणेकर_वाचक

महाभारताचा मुद्दा आला आहे म्हणून लिहितो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, हाच चिनी महाभारताचा आधार आहे. जिन खमू यांच्या मार्गदर्शनाखाली चाओ ग्वोह्वा यांनी ते काम पुढे नेले, पण त्यांचे १९९१ साली अकाली निधन झाले. मग ह्वांग बाओशेंग यांनी सहकाऱ्यांना घेऊन ते तडीस नेले आणि २००५ साली संपूर्ण महाभारत सहा खंडांत प्रसिद्ध झाले. ह्वांग बाओशेंग हे जी श्यानलिन आणि जिन खमू या दोघांचेही विद्यार्थी, तुम्ही म्हणता त्याच १९६० च्या वर्गातले. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. तुलसीदासांचे रामचरितमानसही जिन डिंगहान यांनी हिंदीवरून चिनीत आणले आहे, ते १९८८ साली प्रसिद्ध झाले.

प्रतिसाद: माधवी_वाचन

एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या व्यवस्थेने त्यांना गोठ्यात कोंडले, तिच्याच विद्यापीठात ते पुढे उपाध्यक्ष झाले आणि वृद्धापकाळी त्यांचा मोठा गौरवही झाला. या अन्यायाविषयी ते नंतर काही बोलले का, की अनुवादाच्या आड राहिले?

धागाकर्ता

बोलले, आणि स्पष्टपणे बोलले. गोठ्यातील दिवसांच्या आठवणी त्यांनी १९९२ साली लिहून काढल्या आणि १९९८ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यात ते म्हणतात की इतर कोणीतरी हे लिहील म्हणून आपण वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि कोणीच लिहिले नाही तेव्हा स्वतः बसलो. छळ करणाऱ्यांवर सूड उगवण्याची भाषा त्यात नाही, पण घडलेले झाकण्याचा प्रयत्नही नाही. आधीच्या राजकीय मोहिमांत आपणही इतरांवर टीका करण्यात सामील होतो आणि त्या काळच्या घोषणांवर आपला मनापासून विश्वास होता, हेही त्यांनी त्यात लिहिले आहे. गौरवाविषयी सांगायचे तर, त्यांना लोक 'राष्ट्राचे रत्न' आणि 'विद्येचा महामेरू' म्हणू लागले, तेव्हा २००७ च्या सुमारास आजारपणात लिहिलेल्या पुस्तकातून त्यांनी या पदव्या आपल्यावरून काढून घ्याव्यात अशी जाहीर विनंती केली. २००६ साली चीनच्या अनुवादक संघाने दिलेला जीवनगौरव मात्र त्यांनी स्वीकारला. पद्मभूषण त्यांना जून २००८ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी पेइचिंगच्या रुग्णालयात जाऊन दिले, आणि पुढच्या वर्षी ११ जुलै रोजी वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. गोठ्याच्या आठवणींचा इंग्रजी अनुवाद २०१६ साली निघाला आहे. चिनी न येणाऱ्यांनी त्यांच्या लेखनाला तिथून सुरुवात करावी.